मुक्काम वाढवलाय, आधी पूर्ण वाचा

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी ‘ठीक आहे’ म्हणून फोन ठेवला असता, म्हणून लिहितेय. इथल्या ताआ भाषेच्या रेकॉर्डिंगसाठी बोत्स्वानातला मुक्काम मी पुढच्या जूनपर्यंत वाढवलाय. सही झाली आहे. म्हणजे दिवाळी नाही, आणि दादाच्या घराची वास्तुशांतही नाही. वाईट मलाही वाटतंय.

आधी खाण्यापिण्याचं. घान्झी गावात तांदूळ, पीठ, कांदे-टोमॅटो सगळं मिळतं. गोडा मसाला अजून पुरेल. वस्तीवर जाताना पाण्याचे कॅन गाडीत असतात आणि एकटी मी कधीच जात नाही. कलहारीत हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, पण आजीची गोधडी आहे. तेव्हा त्याची काळजी नको.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, ताआ भाषेचा शब्दकोश अँथनी ट्रेल यांनी 1994 मध्येच काढलाय, मग तुझं काय उरलं? प्रश्न रास्त आहे. पण कोशात शब्द मिळतात. माणसं गोष्ट रंगवतात कशी, एकमेकांना अडवतात कशी, ते मिळत नाही. शिवाय वस्तीगणिक बोली बदलते. आणि ‘खोइसान’ म्हणतात ते एक भाषाकुळ नव्हेच, क्लिक (जिभेने किंवा ओठांनी काढलेला चटकारा) आहेत म्हणून एकत्र बांधलेली मोट आहे: तुऊ, क्ख्आ, खोए ही निरनिराळी कुळं, आणि पार टांझानियातल्या हाद्झा नि सान्दावे. ताआ तुऊ कुळातली.

आई, सुमाआत्याचं काही कळलं की तू ‘च्च च्च’ करतेस ना, तो दंत्य क्लिक. इथे ते व्यंजन आहे. जीभ मागे टाळूला चिकटते, पुढे दातांशी. मधला भाग खाली ओढला की आतली हवा विरळ होते आणि पुढची अटक सोडताच आवाज फुटतो. यात फुप्फुसाची हवा लागत नाही, त्यामुळे त्याच क्षणी नाकातून किंवा घशातून दुसरं काही करता येतं. ताआत क्लिक मुळात पाचच, पण अशा जोड्यांमुळे व्यंजनं काही मोजणीने शंभराच्या वर जातात. त्यात सूरही अर्थ बदलतात.

म्हणून रेकॉर्डिंग मोबाइलवर उरकत नाही. क्लिकचा स्फोट क्षणाचा पण जोरदार असतो. रेकॉर्डरचं आवाज आपोआप कमीजास्त करणारं बटण बंद ठेवायचं, पातळी हाताने लावायची, सगळ्यात मोठा आवाज वजा 12 डेसिबलच्या आसपास राहील अशी. वर गेली की क्लिकचं टोक छाटलं जातं, आणि मग तो दंत्य होता की जिभेच्या कडेचा हे प्राट या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरच्या आलेखातही सांगता येत नाही. माइक डोक्याला बांधलेला, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला. तोंडासमोर धरला तर श्वास आपटतो. फाइल वेव, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. एमपी3 अजिबात नाही. कानाला कळणार नाही म्हणून ती जे गाळते, त्यातलंच आम्हाला मोजायचं असतं. शब्द सुटा विचारायचा नाही, ठरावीक वाक्यात बसवून तीनदा म्हणवून घ्यायचा, कारण यादी वाचताना शेवटच्या शब्दाचा सूर पडतो. व्हिडिओ समोरून हवा, ओठांचा क्लिक त्यात दिसतो.

हे सगळं भराभर होतं. वेळ खातं ते पुढचं. एका मिनिटाचं बोलणं ईलानमध्ये (रेकॉर्डिंग ऐकत लिहून काढायचं सॉफ्टवेअर) उतरवायला तास सहज जातो, आणि तोही बोलणाऱ्याला शेजारी बसवून, वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवून. ते पुण्यात बसून होत नाही हो, बाबा. केप टाउनला ब्लीक आणि लुसी लॉइड या अभ्यासकांनी 1870 च्या दशकात खाम ही अशीच क्लिकची भाषा उतरवून घेतली, वह्यांची बारा हजारांवर पानं आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या राजमुद्रेवरचं वाक्य 2000 साली त्याच भाषेतलं घेतलं. पण ध्वनिमुद्रण नाही आणि बोलणारं कोणी उरलं नाही. एखादा सूर शंकास्पद वाटला तर विचारायचं कोणाला? माझ्याकडे उलटं व्हायला नको, आवाज आहे आणि अर्थ सांगणारं कोणी नाही. इथले माझे बहुतेक गुरुजी बाबांच्या वयाचे आहेत. (बाबा, तुम्ही म्हातारे असं म्हणत नाहीये.)

आता माझं ऐका. मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी लांबवायचं नाही. दादा रजा काढणार आहे, मी बोललेय. बीपीच्या गोळ्या सोमवार ते रविवार खणांच्या डबीत भरायच्या, ‘लक्षात राहतं माझ्या’ चालणार नाही. आई, माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढायचं नाही, मागच्या वेळचं आठवतंय ना? स्वयंपाकाच्या बाई नकोत हा हट्टही सोड; तुझ्या आमटीची सर येणार नाहीच, मला ठाऊक आहे.

रविवारी संध्याकाळी फोन करेन. लागला नाही तर रेंज नाही एवढंच समजायचं.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, भजनी मंडळाला ऐकवायला रेकॉर्डिंग मागितलंत, ते नाही पाठवता येणार. कोणती गोष्ट कोणी ऐकायची हे सांगणारा ठरवतो, त्याची संमतीही रेकॉर्ड होते. शब्दांच्या यादीला मात्र एका आजोबांची परवानगी आहे. तेवढी दादाच्या मेलवर टाकते.