प्लॅस्टर निघालं ना, मग पाय हलवू द्या

संपादक साहेब,
नाशकात कुणाचं प्लॅस्टर निघालं की घरचे म्हणतात "हलू नका", आणि मांडी पार वाळून जाते. अहो, स्नायूच्या धाग्याला चिकटून मूळ पेशी असतात, एरवी झोपलेल्या, इजा झाली किंवा ताण पडला की उठून दुरुस्तीला लागतात. त्यांना आजूबाजूचा मऊ-कडकपणा पण कळतो बरं का, 2010 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठवाल्यांनी स्नायूइतक्या मऊ जेलवर, म्हणजे साधारण 12 किलोपास्कल (कडकपणाचं माप), त्या वाढवल्या तर त्यांचा मूळ पेशी म्हणून असलेला गुण टिकला, प्लॅस्टिकच्या कडक डिशमध्ये गेला. म्हणून पाय हलवायला हवा, पण लगेच गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पळू नका, डॉक्टरांना विचारून थोडं थोडं. पण सरकारी दवाखान्यात फिजिओ संध्याकाळी पण ठेवा की, कामावर जाणाऱ्यांनी जायचं कधी?
– एक वाचक, सिडको, नाशिक