करंज ‘आपोआप’ वाळला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला करंज मृगाच्या सुमारास उभाच्या उभा वाळला. पाहणीला आलेल्या माणसाने खोडावर थाप मारली, ‘आपोआप वाळले’ असे लिहून घेतले आणि तोडायची परवानगी मिळाली. मी तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे जुन्या सवयीने वाकून बुंधा पाहिलाच. गुडघ्याएवढ्या उंचीवर वीतभर रुंदीची साल चहूबाजूंनी काढलेली, वर माती लिंपलेली. जखमेच्या वरच्या काठाला जाड गाठ फुगली होती, म्हणजे घाव कित्येक महिन्यांचा.

ज्याने हे केले त्याला झाड चांगले कळते. पानांत तयार झालेले अन्न खाली नेणाऱ्या रसवाहिन्या सालीच्या आतल्या अंगाला असतात. पाणी मात्र त्यांच्याही आतल्या लाकडातून, जलवाहिन्यांतून चढते. साल गेली तरी पाणी चढतच राहते, पाने हिरवी राहतात आणि कुणाला संशय येत नाही. उपासमार होते ती मुळांची. शिमग्याला पानगळ झाली, पाडव्यानंतरची पालवी खुरटी निघाली, तेव्हाच आम्ही ओळखायला हवे होते.

या जलवाहिन्यांची गंमत अशी की त्या मेल्यावरच कामाला लागतात. एकावर एक रचलेल्या पेशी भिंतींवर लिग्निनचा, म्हणजे लाकडाला टणकपणा देणाऱ्या द्रव्याचा, थर चढवतात, मग आतला जिवंत ऐवज विरतो, मधले पडदेही विरतात आणि उरते ती पोकळ नळी. तिला पंप नाही. पानांतून वाफ उडते, पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात आणि मुळापर्यंतची अख्खी धार वर ओढली जाते. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी 1894 मध्ये हे मांडले. ओढ इतकी जबर असते की लिग्निन नसते तर उसाचा रस ओढताना कागदी नळी चिमटते तशी ही नळीही चिमटली असती.

(उसाला मात्र साल काढून मारायची ही युक्ती लागू पडत नाही. कांडे आडवे कापून पाहा, ठिपके सगळीकडे विखुरलेले दिसतील आणि प्रत्येकात दोन्ही वाहिन्या असतात. नारळाचेही तसेच.)

राज्याच्या 1975 च्या झाडांविषयीच्या कायद्यात झाडाला इजा करणे हेही तोडण्यातच मोडते. तेव्हा ‘वाळलेले झाड’ तोडायला परवानगी देण्याआधी पंचनाम्यात बुंध्याची, निदान कमरेपर्यंतच्या सालीची, फोटोसह नोंद व्हावी. घाव ताजा असेल तर त्याच झाडाच्या काड्या जखमेच्या वर-खाली कलम करून जाणकार माळी झाड वाचवूही शकतो.

त्याच रांगेत आणखी दोन करंज आहेत. त्यांचे बुंधे पावसाळा संपायच्या आत कुणीतरी अधिकृतपणे पाहावेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर