अमेरिकेचे अध्यक्ष, त्यांचे शेतकरी आणि आपला कापूस

मा. संपादक,

स.न.वि.वि.

अमेरिकेतील परंपरावादी विचारांच्या अध्यक्षांवर आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात जो दीर्घ लेख आला, त्यात रोनाल्ड रेगन यांच्यापासून डोनाल्ड ट्रम्प यांच्यापर्यंतचा आढावा देशांतर्गत धोरण आणि परराष्ट्र धोरण अशा दोन भागांत घेतला होता. लेख अभ्यासपूर्ण होता. शीतयुद्ध, करकपात आणि न्यायाधीशांच्या नेमणुका यांविषयीची मांडणी मला पटलीही. शेतीबद्दल मात्र त्यात एकच विधान होते, आणि ते असे की हे अध्यक्ष बाजाराला मोकळीक देणारे असल्यामुळे भारतानेही त्यांचा कित्ता गिरवून शेतीतून सरकारचा हात काढून घ्यावा. मी यवतमाळ जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीन घेतो, आणि सेवानिवृत्तीपर्यंत शाळेत इतिहास शिकवला आहे. या दोन्ही नात्यांनी मला ते विधान चुकीचे वाटते आणि 2025 च्या या हंगामात तर ते घातकही वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

रेगन यांच्यापासूनच सुरुवात करतो. सरकारी माणूस मदत करायला दारात येणे यासारखी भीतिदायक गोष्ट नाही, अशा अर्थाचे त्यांचे वाक्य जगभर उद्धृत केले जाते. ते वाक्य ते 12 ऑगस्ट 1986 रोजी शिकागो येथील पत्रकार परिषदेत बोलले आणि विषय होता शेतकऱ्यांच्या अडचणींचा, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. त्याच निवेदनात पुढे त्यांनी सांगितले की आपल्या सरकारने शेतकऱ्यांसाठी विक्रमी रक्कम दिली आहे आणि अंदाजपत्रकात शेतीच्या मदतीइतकी वाढ संरक्षण खर्चातही झालेली नाही. ते खरेही होते. त्या वर्षी अमेरिकी सरकारचा शेतमालाच्या आधारावरील खर्च सुमारे 26 अब्ज डॉलरवर गेला होता. सरकार लहान असावे असे मनापासून मानणाऱ्या अध्यक्षांच्या काळात हे घडले. कारण शेतकरी बुडत असताना तत्त्व सांगत बसणे त्यांना शक्य नव्हते.

तो शेतकरी बुडाला कशाने, हेही पाहण्यासारखे आहे. महागाई मोडण्यासाठी तेथील मध्यवर्ती बँकेने व्याजदर फार वर नेले होते. त्यातच 1981 च्या करकपातीने आणि वाढत्या संरक्षण खर्चाने सरकारची तूट वाढली, डॉलर बळकट झाला आणि अमेरिकेचा गहू, मका, कापूस परदेशी गिऱ्हाइकाला महाग पडू लागला. ज्यांनी 1970 च्या दशकात बँकांच्याच आग्रहाने कर्ज काढून जमिनी घेतल्या होत्या, त्यांच्या शेतांचे आयोवा आणि मिनेसोटात लिलाव झाले आणि काही शेतकऱ्यांनी जीव दिला. हे वाचताना विदर्भातल्या माणसाला वेगळे काही सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच अमेरिकेचा शेतकरी मला कधी शत्रू वाटला नाही. मार्च 1985 मध्ये रेगन यांनी तातडीच्या शेतीकर्जाच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला आणि त्याच वर्षी 23 डिसेंबरला शेतीच्या नव्या कायद्यावर सही केली.

करकपात आणि व्याजदर हे घरचे विषय असूनही त्यांचा परिणाम निर्यातीवर झाला. उलट बाजूही पाहावी. सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरल्यावर जिमी कार्टर यांनी जानेवारी 1980 मध्ये रशियाला धान्य विकण्यावर बंदी घातली होती. साम्यवादाचे सर्वांत कडवे विरोधक असलेल्या रेगन यांनी ती बंदी एप्रिल 1981 मध्ये उठवली. पुढे मार्च 1983 मध्ये त्यांनी सोव्हिएत संघाला दुष्ट साम्राज्य म्हटले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या साम्राज्याशी पाच वर्षांचा धान्यविक्रीचा करार केला. परराष्ट्र धोरण कितीही ताठर असले तरी त्याचा भार आपल्या शेतकऱ्याच्या पाठीवर टाकायचा नाही, हे त्यांनी पक्के ठरवले होते. मला त्यांच्या अनेक गोष्टी मान्य नाहीत, पण याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

आता त्या 1985 च्या कायद्यातील कापसाच्या तरतुदीकडे येतो, कारण तिचा आपल्याशी थेट संबंध आहे. त्यापूर्वी अमेरिकी शेतकरी पीक तारण ठेवून सरकारकडून ठरलेल्या दराने कर्ज घेत असे आणि भाव पडल्यास माल सरकारच्या स्वाधीन करत असे. त्यामुळे माल गोदामात राही आणि बाजार एका मर्यादेखाली जात नसे. नव्या पद्धतीत जागतिक भाव कर्जाच्या दराखाली गेला तर शेतकऱ्याने तेवढ्याच कमी दराने परतफेड करायची आणि मधला फरक सरकारने सोडून द्यायचा, असे ठरले. तेथील शेतकऱ्याचे पोट भरले, पण त्याचा माल कोणत्याही भावाला जगात विकायला मोकळा झाला. ऑगस्ट 1986 मध्ये ही पद्धत कापसाला लागू होताना जागतिक बाजारात रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, भाव कोसळले. आपल्याकडे त्या वेळी कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, म्हणजे राज्यातला कापूस सरकारनेच विकत घ्यायचा; तिच्यात दोष पुष्कळ होते, मालाचे चुकारे महिनोन्‌महिने अडकत, पण न्यूयॉर्कचा भाव थेट राळेगाव किंवा वणीच्या बाजारात उतरत नव्हता. आज ती आडभिंत उरलेली नाही.

जॉर्ज बुश यांनी 13 मे 2002 रोजी सही केलेल्या शेती कायद्याने कापसाचे अनुदान आणखी वाढवले. ब्राझीलने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली, भारत त्या खटल्यात त्रयस्थ पक्ष म्हणून हजर होता, आणि 2005 मध्ये अपिलातही निकाल अमेरिकेच्या विरोधात गेला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या गरीब देशांनी 2003 मध्ये त्याच संघटनेच्या मेक्सिकोतील कॅनकुनच्या परिषदेत हाच प्रश्न मांडला होता. शेवटी 2014 मध्ये ब्राझीलला 30 कोटी डॉलर देऊन अमेरिकेने तडजोड केली. खटला लढणाऱ्याला पैसे मिळाले. आफ्रिकेतल्या आणि आपल्या कापूसवाल्याला काही मिळाले नाही.

ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतही हेच दिसले. चीनशी आयातशुल्काचे युद्ध सुरू झाल्यावर चीनने जुलै 2018 मध्ये अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के जादा शुल्क लावले. त्याच महिन्यात ट्रम्प सरकारने शेतकऱ्यांसाठी 12 अब्ज डॉलरपर्यंतची आणि पुढच्या वर्षी आणखी 16 अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. ती 1933 मध्ये स्थापन झालेल्या एका सरकारी महामंडळाकडून दिली गेली, त्यामुळे संसदेच्या नव्या मंजुरीसाठी थांबावे लागले नाही. त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत 4 जुलै 2025 रोजी ज्या कायद्यावर सही झाली, त्यात एका बाजूला गरिबांच्या अन्नसाहाय्यात आणि आरोग्यसाहाय्यात कपात आहे, तर दुसऱ्या बाजूला सरकीसह कापसाचा आधारदर पौंडाला 36.7 सेंटवरून 42 सेंट केला आहे. नोव्हेंबर 2025 च्या विनिमय दराने हा आकडा क्विंटलला आठ हजार रुपयांच्या थोडा वर जात होता, म्हणजे आपल्या लांब धाग्याच्या कापसाच्या 2025-26 मधील 8,110 रुपये हमीभावाच्या आसपासच. फरक एवढाच की त्या शेतकऱ्याला खरेदी केंद्राच्या दारात रांग लावावी लागत नाही; सरासरी बाजारभाव आधारदराखाली राहिला तर ठरलेल्या क्षेत्राच्या हिशोबाने आणि माणशी मर्यादेत फरकाची रक्कम त्याला सरकारकडून मिळते, जरी ती उशिरा मिळत असली तरी.

आता आपल्याकडे काय झाले ते पाहावे. रशियाकडून तेल घेतो म्हणून आपल्या मालावर अमेरिकेने आणखी 25 टक्के शुल्क जाहीर केले आणि 27 ऑगस्ट 2025 पासून एकूण शुल्क 50 टक्के झाले. 7 ऑगस्टला दिल्लीत कृषिशास्त्रज्ञ डॉ. स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत पंतप्रधानांनी शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड करणार नाही, त्याची मोठी किंमत मोजायलाही तयार आहे, असे सांगितले, आणि आम्हाला खरोखर धीर आला. त्यानंतर बाराच दिवसांनी, 19 ऑगस्टपासून, कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठले. आधी ही सूट 30 सप्टेंबरपर्यंत होती. मग ती 31 डिसेंबरपर्यंत, म्हणजे आमच्या वेचणीच्या ऐन दिवसांपर्यंत, वाढवली गेली. शुल्काचा फटका तमिळनाडूतील तिरुपूरच्या आणि इतर ठिकाणच्या कापड-कपड्यांच्या निर्यातीला बसणार होता, तेथील लाखो कामगारांची रोजी धोक्यात होती, आणि त्यांना मदत व्हायलाच हवी होती, याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी आहे की ती मदत सरकारी तिजोरीतून न होता आमच्या कापसाच्या भावातून झाली. व्यापारयुद्धात स्वतःच्या शेतकऱ्याचे नुकसान झाले तेव्हा अमेरिकेच्या परंपरावादी अध्यक्षांनी ते तिजोरीतून भरून दिले. आपल्याकडे गिरण्यांचे नुकसान देशातल्या सुमारे 60 लाख कापूस उत्पादकांनी भरून द्यावे, अशी व्यवस्था झाली.

हे कागदावरचे गणित नाही. दिवाळीनंतर तालुक्याच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसाने खालची बोंडे सडलेली, वेचाईची मजुरी वाढलेली, आणि शेजारच्या गावच्या एका कास्तकाराने गाडीभर कापूस आणलेला. व्यापाऱ्याच्या माणसाने ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस बाहेर काढून दाबून पाहिला, मग ओलावा मोजायच्या यंत्राची दांडी खुपसली. आकडा 16 च्या वर गेला. सरकारी खरेदीला 12 टक्क्यांपर्यंतच ओल चालते आणि 8 टक्क्यांच्या पुढे भाव कापला जातो, त्यामुळे ती वाट तिथेच बंद झाली. भाव सात हजारांच्या बराच आत सांगितला गेला. कास्तकाराने कारण विचारले तेव्हा मोबाइलवर न्यूयॉर्कच्या वायद्याचा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा) भाव दाखवून त्याला सांगण्यात आले की बाहेरची रुई आता शुल्काशिवाय येते. शंभर किलो कापसातून साधारण 34 किलो रुई आणि बाकी सरकी निघते. म्हणजे रुई स्वस्त झाली की कापूस पडतो. सरकीही तेल-ढेपेच्या बाजाराशी बांधलेली असते, आणि कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क मे 2025 अखेरीस 20 वरून 10 टक्क्यांवर आले होते. घरी बैलांचा चारा आणि दुकानदाराची उधारी वाट पाहत होती, त्यामुळे त्याने कापूस परत नेला नाही. त्याला अमेरिकेच्या अध्यक्षांचे परराष्ट्र धोरण कोणते आणि देशांतर्गत धोरण कोणते, हे वेगळे करून सांगण्यात काही अर्थ होता का?

म्हणून लेखकमहोदयांना माझे नम्र सांगणे आहे की अमेरिकेचा दाखला द्यायचा असेल तर पूर्ण द्यावा. तेथे सरकारने शेतीतून हात काढलेला नाही, आणि ज्यांनी काढू असे म्हटले त्यांनीच जास्त दिले. तेथील कापूस उत्पादक संख्येने काही हजार आहेत, आपण कित्येक लाख आहोत, त्यामुळे तेवढी रक्कम आपल्याला परवडणार नाही, हा आक्षेप मी समजू शकतो. परंतु शुल्क कायम ठेवायला तिजोरीतून काही द्यावे लागत नाही. आयातशुल्काची सूट पुन्हा कधी द्यायची वेळ आली तर ती वेचणीच्या महिन्यांत देऊ नये. ज्यांनी ओलीमुळे किंवा नडीमुळे हमीभावाखाली कापूस विकला, त्यांना फरकाची काही रक्कम देण्याची यंत्रणाही आपल्याकडे तयार आहे. 2023 च्या खरिपासाठी राज्य सरकारने ई-पीक पाहणीच्या (मोबाइलवरून केलेल्या पिकाच्या) नोंदीवरून कापूस आणि सोयाबीनला हेक्टरी 5,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, दिलेच होते. 2025 मध्ये व्यापार कराराच्या वाटाघाटीत अमेरिका मका आणि सोयाबीनसाठी दार उघडण्याचा आग्रह धरत असताना, त्या हंगामात 5,328 रुपये हमीभाव असलेले सोयाबीन बाजारात कितीला गेले, हे आमच्या खासदारांनी संसदेत सांगावे, एवढीही अपेक्षा आहे.

आपल्याकडेही एक विनंती आहे. अमेरिकेचे अध्यक्ष कोणत्या देशाला काय बोलले, हे पहिल्या पानावर येते, पण त्यांनी शेतीच्या कायद्यावर सही केली तर ती बातमी विदर्भाच्या आवृत्तीतही शोधावी लागते. 4 जुलैच्या कायद्यातील कापसाची तरतूद मला नातवाने इंटरनेटवर शोधून दिली. बाजारभावाच्या चौकटीत यवतमाळ, वर्धा आणि हिंगणघाटच्या भावांसोबत न्यूयॉर्कचा रुईचा भाव रुपयांत आणि क्विंटलच्या हिशोबात रोज छापलात, तर जिनिंगच्या दारात मोबाइल दाखवून सांगितलेला आकडा खरा की खोटा, हे कास्तकाराला घरून निघण्यापूर्वीच कळेल.

आपला विश्वासू,
एक कापूस उत्पादक व सेवानिवृत्त शिक्षक
ता. राळेगाव, जि. यवतमाळ
नोव्हेंबर 2025