रसायनशास्त्राचे 120 तास कागदावर नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्याहून बेलापूरकडे निघाले की दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत डाव्या हाताला टीटीसीची (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक वसाहत लागते. पुढे तळोजा, मागे डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर. औषधांचा कच्चा माल, रंग, रेझिन, सुगंधी द्रव्ये, पाणी आणि अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळा, सगळे याच पट्ट्यात. आणि याच पट्ट्यातल्या महाविद्यालयांच्या फलकांवर केमिस्ट्रीच्या मुलांसाठी कॅम्पसची जी पत्रके लागतात, त्यांत विमा विकणे, कर्जासाठी फोन करणे आणि शिकवणीच्या अ‍ॅपची वर्गणी खपवणे हीच कामे जास्त दिसतात. प्लेसमेंट सेलचा आकडा त्यावर भरतो. मुलाच्या हातातली ब्युरेट मात्र सुटते ती सुटतेच.

दोष एकट्या महाविद्यालयांचा नाही. लहान-मध्यम कारखाना कॅम्पसला येतच नाही. त्याला फेब्रुवारीत पंचवीस मुले नको असतात, जुलैत दोन हवी असतात, तीही उद्यापासून. ती जागा आतल्या कोणाच्या ओळखीने, कंत्राटदारामार्फत किंवा रविवारच्या वॉक-इनमधून भरली जाते. म्हणजे शिरायचे तर आधी आतल्या कोणीतरी आपले काम पाहिलेले हवे. त्यासाठीचा रस्ता आता अभ्यासक्रमातच आहे: नव्या शैक्षणिक धोरणातले ऑन जॉब ट्रेनिंग. चार क्रेडिट, एका क्रेडिटला 30 तास, एकूण 120 तास.

या 120 तासांचे आज काय होते, हे वर्गातल्या कोणालाही विचारा. काकांच्या ओळखीच्या कंपनीचे लेटरहेड, त्यावर शिक्का, मागे इंटरनेटवरून उतरवलेला तीस पानी अहवाल. तोंडी परीक्षेत ‘तिथे कोणते उपकरण वापरले’ या प्रश्नाला ‘एचपीएलसी’ (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे उपकरण) असे उत्तर येते. त्यातली घटक वेगळे करणारी नळी, म्हणजे ‘कॉलम कोणता होता’ असे विचारले की शांतता.

120 तास म्हणजे आठ तासांचे पंधरा दिवस. ते सलग द्यावेत. शनिवारी-शनिवारी तुकडे करून दिलेल्या तासांत प्रयोगशाळेतले काम पुरे होत नाही. साधी गोष्ट घ्या: सांडपाण्याची बीओडी (त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) आपल्याकडे 27 अंश सेल्सियसला तीन दिवस ठेवून काढतात. गुरुवारी लावलेली बाटली रविवारी वाचावी लागते, म्हणून ती कोणत्या वारी लावायची हेसुद्धा शिकण्याचे काम आहे. सीओडीला (तीच घाण रसायनाने ऑक्सिडाइज करायला लागणारा ऑक्सिजन) डायक्रोमेटबरोबर दोन तास रिफ्लक्स, म्हणजे वाफ थंड करून परत आत पाडत उकळणे, लागतो, तो मध्येच सोडून ‘सर, माझी लोकल आहे’ म्हणता येत नाही. शनिवारी तीन तास येणाऱ्या मुलाला दोन्हींपैकी एकही गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसत नाही.

कंपन्या मुलांना आत घ्यायला कचरतात, त्याची कारणे खरी आहेत. मे 2016 आणि मे 2024 मध्ये डोंबिवलीत झालेले स्फोट कोणी विसरलेले नाही. अनोळखी विद्यार्थी प्लँटवर फिरवायची जबाबदारी कोण घेणार? औषध कंपन्यांत आणखी एक अडचण: ऑडिटला जाणाऱ्या नोंदींत प्रशिक्षणार्थीचा हात लागलेला चालत नाही. पण यातून वाट काढता येते. मुलांना रिअ‍ॅक्टरपाशी न नेता प्रयोगशाळेत ठेवावे. विक्रीसाठी सोडायच्या बॅचचा नमुना न देता मुदत संपलेला नमुना, इटीपीचे (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे) पाणी किंवा मुद्दाम बनवलेले द्रावण द्यावे. एका वेळी तीन-चारच मुले. अपघात विमा महाविद्यालयाने काढावा. गॉगल, सेफ्टी शूज आणि सुती अ‍ॅप्रन मुलांनी घरून आणावा. गोपनीयतेच्या पत्रावर मुलासोबत विभागप्रमुखाचीही सही असावी. एवढे लेखी नेले तर ‘नाही’ म्हणणारे कमी भेटतील.

या पंधरा दिवसांत काय यायला हवे? मुलाखतीत फ्रेशर जिथे अडतात ते आधी. ‘0.1 नॉर्मल एचसीएल 500 मिली बनवा’ हा ठरावीक तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल बनवण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो आणि शास्त्रज्ञांच्या नावाच्या अभिक्रिया पाठ असलेली मुले त्यावर थबकतात. बाटलीवर 36 टक्के आणि घनता 1.18 लिहिलेले असते. 1.18 × 1000 × 0.36 भागिले 36.5 (आम्लाचा रेणुभार), म्हणजे साधारण 11.6 नॉर्मल. त्यातले 4.3 मिली लागते. आधी पाणी, मग आम्ल, फ्यूम हूडमध्ये. आकडा आला तरी हे शेवटचे वाक्य न बोलणारा उमेदवार नापास होतो, आणि व्हायलाच हवा.

दुसरा नेहमीचा प्रश्न सोडियम हायड्रॉक्साइडचा. लिटरला चार ग्रॅम घेतले की 0.1 नॉर्मल झाले, असे मुले सांगतात. झाले नाही. सोडियम हायड्रॉक्साइडचे कण वजन करता करता हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात, त्यामुळे तराजूवरचे चार ग्रॅम खरे चार ग्रॅम नसतात. म्हणून नेमके तोलता येणारे पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट 120 अंशाला दोन तास वाळवून, डेसिकेटरमध्ये थंड करून, 0.4084 ग्रॅम तोलायचे आणि फिनॉल्फ्थेलिन या रंगदर्शकावर टायट्रेट करायचे, म्हणजे ब्युरेटमधून आपले द्रावण सोडून किती लागते ते मोजायचे. द्रावण बरोबर 0.1 नॉर्मल असेल तर 20.0 मिली लागेल. 20.8 लागले तर नॉर्मॅलिटी 0.0961, बाटलीवर तीच लिहायची, तारीख आणि सहीसकट. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचे. गडद गुलाबी करून ‘आला’ म्हणणारे बरेच असतात, कारण वर्गात एका ब्युरेटभोवती पाच जण उभे राहिलेले असतात.

एचपीएलसीबद्दल थोडे सविस्तर, कारण बायोडेटावर ते सगळ्यांच्याच असते. मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून त्यातली हवा काढावी लागते. बुडबुडा पंपात गेला की प्रेशर वर-खाली होते आणि बेसलाइन (आलेखाची तळरेषा) हलते. नेहमीचा कॉलम म्हणजे सी-18, 250 × 4.6 मिमी, 5 मायक्रॉन. सर्वात महागात पडणारी चूक संध्याकाळी होते: फॉस्फेट बफर चालवून झाले आणि घाईत थेट शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइल सोडले, की क्षार आतच घन होऊन साचतो आणि कॉलम तुंबतो. आधी जास्त पाण्याच्या मिश्रणाने बफर धुऊन काढायचा, मग सॉल्व्हंटचे प्रमाण वाढवत न्यायचे आणि कॉलम त्यात ठेवायचा. नमुन्याआधी स्टँडर्डची (माहीत प्रमाणाच्या द्रावणाची) पाच-सहा इंजेक्शने देतात. त्यांच्या आलेखातल्या शिखरांच्या क्षेत्रफळाचा आरएसडी (आकड्यांमधली तफावत) सहसा 2.0 टक्क्यांच्या आत मागतात. तो का आला नाही, याची तीन कारणे सांगता आली तर ‘अनुभव किती’ हा प्रश्न मागे पडतो. हे सगळे पंधरा दिवसांत नुसते नीट पाहिले तरी समजते, बटण दाबायला मिळाले नाही तरी.

आणि वही. चुकलेला आकडा खोडायचा नाही, व्हाइटनर तर नाहीच. एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. वजन हाताच्या तळव्यावर लिहून मग वहीत उतरवायची सवय महाविद्यालयात लागते आणि कारखान्यात त्यावरूनच बोलणी खावी लागतात. जर्नल ‘फेअर’ करायला लावणाऱ्या आम्हा शिक्षकांचा यात वाटा आहे.

आता पदवी हातात आल्यानंतरचे. ‘ट्रेनी’ या शब्दाला फसू नये. अप्रेंटिस कायदा 1961 चा. पदवीधरांची सरकारी अप्रेंटिसशिप केंद्राच्या नॅट्स (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना) पोर्टलवर नोंदली जाते, पश्चिम विभागाचे ‘बोट’ (बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग) हे कार्यालय शीवला आहे. 2019 च्या नियमांनी पदवीधराचे किमान विद्यावेतन महिना 9,000 रुपये ठेवले. किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. आज लागू असलेला आकडा करार करताना पोर्टलवर पाहून घ्यावा. कराराला नोंदणी क्रमांक हवा, तो मुलाच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसायला हवा. अप्रेंटिसला पीएफ नसतो, ते कायद्यानेच. पण पीएफही नाही आणि पोर्टलवर करारही नाही, तर त्या वर्षाचा पुरावा कुठेच उरत नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त अनुभव झालेला उमेदवार नॅट्सला अपात्र ठरतो. कंत्राटदाराकडे सव्वा वर्ष काढून मग ‘आता अप्रेंटिस करू’ म्हणणाऱ्यांचे दार असे बंद होते.

बीएस्सीवाल्यांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे एओसीपी, अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लँट. नाव ऐकून ‘हे आयटीआयचे’ म्हणून मुले तोंड फिरवतात. तेल शुद्धीकरण कारखाने याच ट्रेडमध्ये भौतिक-रसायन-गणित घेतलेल्या बीएस्सी पदवीधरांना वर्षभरासाठी घेतात. आरसीएफने (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स) ऑपरेटर ट्रेनीसाठी काढलेल्या जाहिरातींत बीएस्सी केमिस्ट्रीबरोबर एओसीपीची परीक्षा उत्तीर्ण असण्याची अट होती. नुसती एमएस्सी तिथे उपयोगाची नाही.

भाभा अणुसंशोधन केंद्राचेही (बीएआरसी) तसेच. तिथल्या श्रेणी एकच्या स्टायपेंडियरी ट्रेनीला रसायन मुख्य आणि जोडीला भौतिकशास्त्र, गणित असे विषय आणि 60 टक्के लागतात. 2023 च्या जाहिरातीत वयोमर्यादा 24 होती, विद्यावेतन पहिल्या वर्षी 24,000 आणि दुसऱ्या वर्षी 26,000. म्हणजे हा निर्णय टीवायला नाही, एफवायला होतो. नव्या धोरणात मायनर विषय निवडताना ‘गणित नको, गुण जातात’ म्हणून ते सोडणाऱ्या मुलाला कोणते दार लावून घेतोय हे प्रवेशाच्या खिडकीवरच सांगायला हवे. आज ते सांगणारे कोणी नसते.

औषध कंपनीत प्रॉडक्शनला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. औषध नियम 1945 प्रमाणे उत्पादनावर देखरेख करणारा तज्ज्ञ म्हणून मान्यता मिळवायला रसायन मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला औषध निर्मितीचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. फार्मसीवाल्याला अठरा महिने. जाहिरातीत ‘एफडीए अप्रूव्हड केमिस्ट’ म्हणतात ते हे, आणि त्याचा पगार वेगळा असतो. पण अनुभवपत्रात विभाग आणि तारखा स्पष्ट नसतील तर ती तीन वर्षे सिद्ध करता येत नाहीत. नुसते ‘एक्झिक्युटिव्ह’ लिहिलेले पत्र किंवा कंत्राटदाराच्या हजेरीवर ‘हेल्पर’ म्हणून लागलेले नाव पुढे नडते. पहिल्या महिन्यातच नियुक्तीपत्रावरचे पदनाम वाचावे, सोडताना नव्हे.

मुलींबद्दल. एमएस्सीच्या वर्गात त्या मोठ्या संख्येने असतात, क्यूसीत (कारखान्याच्या गुणवत्ता तपासणीत) कमी दिसतात, कारण तीन पाळ्या. संमती, सुरक्षा आणि घरापर्यंत वाहन असेल तर स्त्रियांना रात्रपाळी करता येते. प्रत्यक्षात ‘बस वाशी स्टेशनपर्यंतच’ असे उत्तर मिळते, आणि बदलापूरला राहणाऱ्या मुलीने पुढे काय करायचे ते कोणी सांगत नाही. पर्यावरण आणि अन्नाच्या चाचणी-प्रयोगशाळांत बहुधा दिवसाचेच काम असते, तिथे आधी अर्ज करावा. तळोज्याला जाणाऱ्यांना नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर-पेंधर मेट्रो आहे, पण पेंधरहून कारखान्यापर्यंतची रिक्षा पगारातून आधीच वजा करून पाहावी.

वॉक-इनला जाताना सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, आधार, पॅन, चार फोटो आणि सीजीपीएचे टक्क्यांत रूपांतर दाखवणारा कागद जवळ ठेवावा. एचआरचा अर्ज टक्के मागतो आणि मुले तिथे अंदाजाने आकडा टाकतात, तो नंतर कागदपत्रांशी जुळत नाही. मुलाखतीसाठी, गणवेशासाठी किंवा ‘फाइल पुढे सरकवायला’ पैसे मागणाऱ्या एजन्सीकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. नेट, सेट, गेट, जॅम या परीक्षांवर मार्गदर्शन गल्लोगल्ली मिळते, म्हणून त्याबद्दल इथे लिहीत नाही.

मागणी एवढीच आहे. मुंबई विद्यापीठाने रसायनशास्त्राच्या ऑन जॉब ट्रेनिंगसाठी सलग पंधरा दिवस वेळापत्रकातच मोकळे ठेवावेत. महाविद्यालयांनी आपापल्या बाजूच्या एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनांकडे एकेकटे न जाता एकत्र जावे, एकच करारनामा आणि एकच विमा घेऊन. आणि मूल्यमापन तीस पानी अहवालावर न होता मुलाने तिथे स्वतः भरलेल्या वहीवर व्हावे. त्या वहीत एखादी आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख दिसली, तर तो मुलगा खरोखर तिथे गेला होता असे समजायला हरकत नाही.

आपले,
रसायनशास्त्राचे काही शिक्षक आणि प्रयोगशाळांत काम करणारे काही जण
घणसोली, नवी मुंबई