दादाच्या केससाठी धावलेल्या सगळ्यांचे आभार

न्यू जर्सीतल्या माझ्या दादाला हद्दपारीची नोटीस आली, तेव्हा महाद्वार रोडवरच्या आमच्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही. ग्रीन कार्ड असलं तरी जुन्या गुन्ह्यावरून अशी नोटीस येते, हे आम्हाला कुठलं ठाऊक!

फोनवरच्या वकीलताई, तुमचे उपकार कसे फेडू? तिथल्या इमिग्रेशन कोर्टात वकील आपल्या खर्चाने लावावा लागतो, दुभाषा मात्र कोर्टच देतं, हे तुम्ही आईला समजेल असं सांगितलंत. "तारीख चुकवू नका, गैरहजेरीतही हुकूम निघतो," हे तर दहादा. 5 वर्षं ग्रीन कार्ड, 7 वर्षं सलग वास्तव्य आणि कायद्याने अतिगंभीर ठरवलेला गुन्हा नसेल, तर हद्दपारी रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो, निर्णय न्यायाधीशांचा. हे कळलं त्या रात्री आई पोटभर जेवली.

निवृत्त गुरुजी, आईने न्यायाधीशांना लिहिलेलं मराठी पत्र तुम्ही इंग्रजीत केलंत. शेवटच्या ओळीची शाई डोळ्यांतल्या पाण्याने फुटली होती, ती भिंग लावून वाचलीत. भाषांतर पूर्ण आणि अचूक असल्याची सही लागते, तीही दिलीत. एक पैसा घेतला नाहीत.

आणि झेरॉक्सवाले भाऊ, भर पावसात रात्री अकरापर्यंत अर्धं शटर उघडं ठेवून दोनशे पानं स्कॅन केलीत तुम्ही!

अर्ज मंजूर झाला. दिवाळीला दादा कोल्हापुरात येतोय. आधी अंबाबाईचं दर्शन, मग गुरुजी, तुमच्याकडे.