‘कुठलाही सी-१८ चालतो’ कसं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या विज्ञान पुरवणीतला अ‍ॅड्रेनलिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन मोजण्यावरचा लेख वाचला, छान जमलाय, पण सगळं कौतुक एचपीएलसी मशिनचं (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आणि कॉलमचा, म्हणजे ज्या नळीत हे घटक वेगळे होतात तिचा, विषय ‘कुठलाही सी-१८ चालतो’ (१८ कार्बनच्या तेलकट साखळ्या लावलेल्या सिलिकाचा नेहमीचा कॉलम) एवढ्यावर उरकलाय, ते काही पटलं नाही.

अहो, ही तिन्ही मंडळी पाण्यात रमणारी, त्यात अ‍ॅसिडिक मोबाईल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणात) त्यांच्यावर पॉझिटिव्ह चार्ज, त्यामुळे साध्या सी-१८ वर ती थांबतच नाहीत, नॉरअ‍ॅड्रेनलिन तर सुरुवातीच्या कचऱ्यातच निघून जातं. म्हणून पीएच ३ च्या आसपास ठेवून ऑक्टेन सल्फोनेटसारखं आयन-पेअर (उलट चार्जचं, त्यांना थांबवायला मदत करणारं रसायन) घालतात, मिथेनॉल अगदी थोडं, बाकी पाणीच. इतकं पाणी सगळ्याच सी-१८ ना झेपत नाही, पंप बंद करून परत चालू केला की रिटेन्शन (कॉलममध्ये थांबण्याचा वेळ) घसरलेलं दिसतं, तेव्हा १०० टक्के पाण्यात टिकणारा कॉलम बघूनच घ्यावा.

दुसरं म्हणजे टेलिंग, आलेखातल्या पीकला (घटकाच्या उंचवट्याला) मागे शेपूट फुटणं. रक्ताच्या प्लाझ्मात नॉरअ‍ॅड्रेनलिन मिलिलिटरला काही शे पिकोग्रॅम आणि अ‍ॅड्रेनलिन बरेचदा काही दहा, आणि हा चिमुकला पीक येतो नेमका त्या मोठ्याच्या मागोमाग! मोठ्याने शेपूट सोडली की धाकटा गेलाच त्याखाली. इथे शुद्ध सिलिका आणि नीट एंडकॅपिंग (सिलिकावर उघड्या राहिलेल्या जागा झाकणं) कामाला येतं, नुसती लांबी वाढवून भागत नाही.

डिटेक्टर कुठला तेही आधी ठरवा. इलेक्ट्रोकेमिकल असेल तर आयन-पेअर खुशाल वापरा, पण मास स्पेक्ट्रोमीटरला ते चालत नाही, सिग्नल दाबतं आणि आत चिकटून बसतं, तिथे पीएफपी (फ्लोरिन लावलेल्या रिंगचा) किंवा हिलिक (पाण्यात रमणाऱ्यांना धरून ठेवणारा) कॉलम बघावा. हिलिकची गंमत अशी की अ‍ॅल्युमिनावरून (प्लाझ्मातून ही तिघं वेचून घेणारी पावडर) काढलेलं सॅम्पल अ‍ॅसिडच्या पाण्यात असतं, आणि हिलिकला जास्त पाणी सोसत नाही, ते तसंच इंजेक्ट केलं तर पीकचा पार चुथडा होतो. सॅम्पल कमी असेल तर ४.६ ऐवजी २.१ मिलिमीटर आतल्या व्यासाचा कॉलम, तेवढ्याच इंजेक्शनला पीकमधलं कॉन्सन्ट्रेशन साधारण पाचपट मिळतं, फक्त फ्लो मिनिटाला ०.२ मिलिलिटरवर आणा आणि नळ्या बारीक, आखूड ठेवा, नाहीतर कमावलेलं सगळं नळीतच जाईल.

आणि विक्रेता स्टँडर्डचा (शुद्ध द्रावणाचा) चकचकीत क्रोमॅटोग्राम (पीकचा आलेख) दाखवेल, त्याला म्हणावं प्लाझ्माचा दाखव, तोही शंभरेक इंजेक्शन झाल्यानंतरचा.

– एक वाचक, लॅबवाला