डिकीचा तळ वर्णनाप्रमाणे नसल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, पुणे कार्यालय

विषय : १९६९ च्या डॉज चार्जर गाडीसाठी मागवलेला डिकीचा अखंड तळ सदोष निघणे व तो परत घेण्यास आपण दिलेला नकार.

महोदय,

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत लिहिण्याचे कारण आधी सांगतो. आपली कंपनी अमेरिकेतली आणि माझी गाडीही इथेच, मिशिगनमध्ये. पण आपला ग्राहक विभाग पुण्यात आहे, आणि गेल्या महिन्यात फोनवर माझे आडनाव ऐकताच आपल्या प्रतिनिधींनी मराठीत बोलायला सुरुवात करून "सर, सगळं सविस्तर लिहून पाठवा, मराठीत लिहिलंत तरी चालेल," असे सुचवले. त्यांच्या सौजन्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार पत्र्याबद्दल आहे, आणि त्याहून अधिक आपल्या परतीच्या अटीबद्दल आहे.

गाडी ३८३ घन इंचाच्या इंजिनाची असून ती १९८० मध्ये बंद झालेल्या हॅमट्रॅमिकच्या कारखान्यात, म्हणजे माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर तयार झालेली आहे. या मॉडेलच्या डिक्या का गंजतात हे आपण स्वतः ते पत्रे विकत असल्यामुळे आपल्याला ठाऊक असेलच. मागची काच दोन बाजूंच्या उतरत्या खांबांमध्ये आत दबलेली असते. दिसायला ती रचना देखणी आहे, परंतु शर्यतीत त्या खोलगट जागेत हवा घुसळते म्हणून डॉजलाच १९६९ च्या चार्जर ५०० मध्ये काच बाहेर आणून खांबांच्या बरोबरीने बसवावी लागली. शर्यतीत जिथे हवा अडकत होती तिथे घरी उभ्या असलेल्या गाडीत पाणी साचते, काचेखालच्या पट्टीतून ते हळूहळू डिकीत झिरपते आणि स्टेपनीच्या खड्ड्यात मुक्काम करते. खालून हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर टाकलेले मीठ. डेट्रॉइट शहराच्या पोटातच सुमारे बाराशे फुटांवर मिठाची खाण आहे, त्यामुळे आमच्याकडे त्याची कधी टंचाई भासत नाही. माझ्या डिकीचा गालिचा उचलला तेव्हा खड्ड्याच्या तळातून गॅरेजची फरशी दिसत होती आणि स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला तरी पत्रा पापडासारखा मोडत होता.

म्हणून मार्च महिन्यात आपल्याकडून डिकीचा अखंड तळ मागवला. किंमत ४८० डॉलर, वाहतूक १८५ डॉलर. आपल्या वर्णनात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या : तळ १९६८ ते १९७० च्या चार्जरसाठी आहे, पत्रा १८ गेज जाडीचा आहे, आणि सर्व घड्या व छिद्रे मूळ तळाप्रमाणे आहेत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तळ आला. खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता व आतला पत्राही तिथे थोडा मुडपला होता, पण ते दहा मिनिटांच्या हातोडीचे काम होते, ते मी केले आणि त्याबद्दल मला काहीही म्हणायचे नाही.

जुना तळ मी घाईने कापलेला नाही. या गाडीला वेगळी चासी नसते. मागच्या दोन रेल (म्हणजे लांबीच्या पोलादी तुळया), त्यांना जोडणारा आडवा भाग आणि हा तळ मिळूनच गाडीचा मागचा सांगाडा बनतो, आणि मागचे पाटे त्याच रेलना टांगलेले असतात. त्यामुळे आधी गाडी चार स्टँडवर समतल घेतली, आतून आडवे पाइप टाके मारून बसवले, दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवले आणि मगच एकेक स्पॉट वेल्ड, म्हणजे वेल्डिंगचा टाका, शोधून ड्रिलने सोडवला. असे १४६ टाके मी स्वतः मोजले आहेत. तळ निघाल्यावर कर्ण पुन्हा मोजले, तेव्हा दोन्हींत मिळून फरक दोन मिलिमीटरच्या आत होता. हे एवढ्या तपशिलाने लिहिण्याचे कारण असे की आपल्या पहिल्या उत्तरात "कदाचित आपली गाडी पूर्वीच्या अपघातात वाकलेली असावी" अशी शक्यता वर्तवली आहे. गाडी वाकलेली नाही.

नवा तळ जागेवर ठेवला, तेव्हा डावीकडे तो रेलवर नीट टेकला. उजवीकडे मात्र जिथे तळाची दाबलेली पट्टी रेलच्या माथ्यावर सपाट बसायला हवी, तिथे जवळजवळ हातभर लांबीपर्यंत आरपार उजेड दिसत होता. क्वार्टरचे (पाव डॉलरचे) नाणे पावणेदोन मिलिमीटर जाडीचे असते; एकावर एक अशी चार नाणी मी त्या फटीत सरकवली आणि ती बोटाने मोकळी पुढेमागे होत होती. फट आठ मिलिमीटरची भरली. आता दोष गाडीचा की पत्र्याचा, हे ठरवण्यासाठी मी जुन्या तळाचा कापून ठेवलेला उजवा तुकडा बाहेर काढला. गंजून चाळण झालेला असला तरी रेलवरची पट्टी त्यात शाबूत होती. तळाच्या पातळीपासून त्या पट्टीची खोली जुन्या तुकड्यात २२ मिलिमीटर आहे, आपल्या नव्या तळात ती १४ आहे. फरक आठचा, फटही आठचीच. याहून वेगळा पुरावा मला सुचत नाही. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून, वर पट्टी धरून काढलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

पत्रा दाबून खाली घ्यावा, असा सल्ला आपल्या तांत्रिक विभागाने दिला आहे. तो मी करून पाहिला नाही आणि करणारही नाही. पट्टीत छिद्रे पाडून रेलशी टाके भरायचे असतील, तर दोन्ही पत्रे एकमेकांना चिकटलेले असावे लागतात; आठ मिलिमीटर ओढून खाली बसवलेला पत्रा कायम वर उठण्याच्या तयारीत राहतो आणि सगळा ताण टाक्यांवर येतो. या तळाच्या खाली पेट्रोलची १९ गॅलनची टाकी पट्ट्यांनी टांगलेली असते. टाकी भरली की नुसत्या पेट्रोलचेच वजन पन्नास किलोच्या वर जाते.

जाडीचेही तेच. आपण १८ गेज म्हणता, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर. मी कडेचा काळा लेप खरवडून पाच ठिकाणी मायक्रोमीटर लावला. पाचही ठिकाणी ०.९ आले, म्हणजे तो पत्रा २० गेजचा, अर्थात सांगितल्यापेक्षा पातळ आहे. सुट्या भागांची मोजमापे घेणे हाच माझा रोजचा व्यवसाय असल्यामुळे मायक्रोमीटर नीट धरता येतो, इतपत विश्वास ठेवावा. पेट्रोल भरण्याच्या नळीचे छिद्रही जागेवरून सरकलेले आहे, पण ते एकवेळ मी वाढवून घेतले असते.

आता मूळ मुद्दा. तळ परत घेण्यास आपण नकार दिलात तो त्याची पुढची कड मी पाऊण इंच छाटली आहे या कारणावरून. आपल्या अटींनुसार कापलेला, छिद्र पाडलेला किंवा रंगवलेला पत्रा परत घेतला जात नाही. परंतु आपण तळासोबत जो कागद पाठवला, त्यात पहिल्याच ओळीत असे लिहिले आहे की कडा मुद्दाम जादा ठेवलेल्या असून तळ बसवून पाहण्यापूर्वी त्या गाडीप्रमाणे छाटून घ्याव्यात. छाटल्याशिवाय तळ डिकीत उतरत नाही, उतरल्याशिवाय तो बसतो की नाही हे कळत नाही, आणि छाटला की परतीचा हक्क संपतो. म्हणजे आपला सदोष पत्रा कोणत्याही ग्राहकाला कधीच परत करता येऊ नये, अशीच ही तजवीज झाली. ती हेतुपुरस्सर आहे असे मी म्हणत नाही, पण दोन्ही कागद एकाच व्यक्तीने एकदा शेजारी ठेवून वाचावेत, अशी विनंती आहे. मी वेल्डिंगचा एकही टाका मारलेला नाही, प्रायमर लावलेला नाही, छिद्र पाडलेले नाही.

भरपाई म्हणून आपण पुढच्या खरेदीवर पंधरा टक्के सवलत देऊ केली आहे. भातात खडा लागल्याची तक्रार करावी आणि खानावळीने पुढच्या थाळीवर सूट द्यावी, तसे हे आहे. ती सवलत मी नाकारत आहे.

आपण पत्र्याची संपूर्ण किंमत व आलेली वाहतूक मिळून ६६५ डॉलर परत करावेत, आणि तळ आपल्या खर्चाने उचलून न्यावा. त्याऐवजी मूळ मापाचा १८ गेजचा तळ पाठवायचा असल्यास माझी हरकत नाही, मात्र पाठवण्यापूर्वी त्याच्या उजव्या पट्टीची खोली मोजून त्याचे छायाचित्र मला पाठवावे. शिवाय वर्णनातला गेजचा आकडा दुरुस्त करावा.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. विक्रेत्याने केलेले वस्तूचे वर्णन ही त्याने दिलेली हमीच ठरते, असे इथला व्यापारी कायदा मानतो. पैसे क्रेडिट कार्डाने भरलेले असल्यामुळे मुदतीत उत्तर न आल्यास मी बँकेकडे रीतसर हरकत नोंदवीन आणि मिशिगनच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडेही कागदपत्रे पाठवीन. तशी वेळ येऊ नये. गाडी पाच आठवडे डिकीविना स्टँडवर उभी आहे आणि आपला तळ भिंतीशी, मूळ खोक्यातच उभा ठेवला आहे. तो न्यायला आपले वाहन कधी पाठवता ते दोन दिवस आधी कळवल्यास तो बाहेर काढून ठेवीन.

कळावे.

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर आहेत.)

सोबत : पावतीची प्रत, आपल्या वर्णनाची व सूचनापत्राची प्रत, मोजमापांची अकरा छायाचित्रे.